चुकलेली गाय आणि भटका कुत्रा

मराठीत गाय चुकते आणि कुत्रा भटकतो. ‘वासरू चुकलं’ असं म्हटलं की त्याला जायला घर होतं, फक्त वाट चुकली, हे आपण न सांगता धरून चालतो. ‘भटका कुत्रा’ म्हणताना घराचा प्रश्नच येत नाही. पण रस्त्यात एकटं उभं असलेलं जनावर पाहिलं तर ते चुकलेलं आहे की भटकं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. ते कुठेतरी दुसरीकडे लिहिलेलं असावं लागतं. कुठे लिहायचं, कोणी लिहायचं आणि लिहिलेलं कोणाला वाचून दाखवायचं, या तीन प्रश्नांचा आपल्याकडे मोठा इतिहास आहे.

मी भाईंदर पूर्वेला खारीत राहतो आणि सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. माझा बराचसा दिवस दोन याद्या एकमेकींशी जुळवण्यात जातो: इकडच्या यादीतला माणूस आणि तिकडच्या यादीतला माणूस एकच आहे का, हे ठरवायचं. आमच्या भागातल्या विजेच्या खांबांवर अधूनमधून ‘हरवला आहे’ असे कागद चिकटवलेले दिसतात. खाली लॅब्राडॉरचा किंवा पर्शियन मांजरीचा फोटो, मोबाइल नंबर आणि ‘योग्य बक्षीस दिले जाईल’. सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याच्या उलट निरोप येतात: ‘गेटवर एक पट्टेवाला कुत्रा बसलाय, कोणाचा आहे?’ म्हणजे हरवलेल्यांची एक यादी आहे आणि सापडलेल्यांची दुसरी. सवयीने मला वाटलं की प्रश्न फक्त जुळवणीचा आहे. इतिहास वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की जुळवणी हा त्यातला सोपा भाग आहे.

सुरुवात कागदाच्या आधीपासून करू. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये एक अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणदारांच्या पद्धतीचं वर्णन येतं. गावात चोरी झाली की चोराचा माग काढायची जबाबदारी गावच्या राखणदाराची, म्हणजे महार आणि त्याच्या जोडीला असलेल्या रामोशी किंवा भिल्लाची. माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला की जबाबदारी त्या गावावर जायची. माग मध्येच तुटला तर भरपाई अंगावर यायची. चोरीला गेलेल्या गुरांसाठी ही पद्धत चांगली लागू पडते, कारण बैलाच्या खुराचा ठसा मातीत उमटतो आणि दागिन्यांचा उमटत नाही.

या व्यवस्थेत एकही नोंदवही नाही. पण जबाबदारी कधीही अधांतरी नव्हती. कोणत्याही क्षणी शोधायचं काम कोणत्या तरी एका गावाच्या गळ्यात असायचं आणि शिवेवर ते पुढच्याच्या गळ्यात पडायचं. मालकाने गावोगाव फिरत ‘माझा बैल पाहिलात का’ म्हणून विचारत बसावं, अशी अपेक्षा नव्हती.

मग इंग्रजांचा कागद आला. १८७१ चा पहिला कायदा म्हणजे गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा, ‘कॅटल ट्रेसपास अ‍ॅक्ट’. त्याआधी १८५७ चा कायदा होता, त्याची जागा याने घेतली. हा कायदा मुंबई शहराला लागू नव्हता. साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती आणि ठाणे जिल्ह्याला तो लागू होता. आपल्याला ओळखीचा असलेला कोंडवाडा चालला तो या कायद्यावर. आज हा शब्द ऐकला की कोंडणंच आठवतं. दया पवारांनी १९७४ मध्ये आपल्या कवितासंग्रहाला ‘कोंडवाडा’ हे नाव दिलं, त्यातही तोच अर्थ आहे. पण मूळ कायदा वाचला तर कोंडण्यापेक्षा लिहिण्याविषयी आणि ओरडून सांगण्याविषयी त्यात बरंच काही आहे.

शेतात शिरून पीक खाणारं जनावर शेतकऱ्याने पकडलं तर चोवीस तासांच्या आत ते कोंडवाड्यात धाडायचं. तिथे आणल्यावर कोंडवाड्याच्या रखवालदाराने वहीत चार गोष्टी लिहायच्या: जनावरं किती आणि कशी, कोणत्या दिवशी किती वाजता आणली, पकडणाऱ्याचं नाव आणि पत्ता, आणि माहीत असेल तर मालकाचं नाव आणि पत्ता. त्या नोंदीची नक्कल पकडणाऱ्याच्या हातात द्यायची. मालकाने येऊन दंड आणि चाऱ्याचा खर्च भरला की जनावर त्याच्या ताब्यात. दंडाचा तक्ताही दिलेला आहे: हत्तीला २ रुपये, उंट किंवा म्हशीला ८ आणे, घोडा, गाय, बैल यांना ४ आणे, वासरू, गाढव, डुकराला २ आणे आणि शेळ्या-मेंढ्यांना १ आणा.

खरी मेख पुढे आहे. सात दिवसांत कोणी आलं नाही तर रखवालदाराने पोलिसांना कळवायचं. पोलीस अधिकाऱ्याने जनावरांचं वर्णन, ती कुठे पकडली आणि कुठे कोंडली आहेत हे लिहून नोटीस लावायची आणि जिथे पकडली त्याच्या जवळच्या गावात आणि बाजारात दवंडी पिटवायची. त्यानंतर आणखी सात दिवस थांबायचं. तरीही कोणी आलं नाही तर जाहीर लिलाव. खर्च वजा जाता उरलेला पैसा तीन महिने सरकारकडे अनामत, मालक उगवला तर त्याला द्यायला. आणि एक कलम असं की पोलीस किंवा रखवालदाराने या लिलावात जनावर विकत घ्यायचं नाही, स्वतःच्या नावावर नाही आणि दुसऱ्याच्या नावावरही नाही. ज्याच्या हातात वही आहे त्याचा वहीतली नोंद गुलदस्त्यात ठेवण्यात फायदा असता कामा नये, हे ज्याने कोणी हे कलम लिहिलं त्याला नीट कळत होतं.

कायदा दयाळू होता, असं मात्र समजू नये. तो पिकाच्या नुकसानीसाठी होता, गुरांच्या मायेपोटी नव्हता. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगलात शिरलेल्या गुरांनाही हाच कायदा लावला. जिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरं चरली तिथून ती पकडून नेली जाऊ लागली. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यामुळे गुरांना चरायला जागा उरली नाही, ही तक्रार आहेच. बेकायदा पकडलं तर दहा दिवसांत तक्रार करून भरपाई मागता येत असे, पण चार आणे दंड भरताना ज्याच्या नाकी नऊ येतात तो मॅजिस्ट्रेटकडे कधी जाणार? तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. सरकारने जनावर ताब्यात घेतलं, तर ते सापडलं आहे हे जगाला सांगायची जबाबदारी सरकारने स्वतःकडे घेतली होती. मालकाने फक्त दवंडी ऐकायची होती.

आता या कायद्यातली ‘गुरं’ या शब्दाची व्याख्या पाहा. त्यात हत्ती आहे, उंट आहे, खेचर आहे, डुक्कर आहे, शेळीचं करडूसुद्धा आहे. कुत्रा नाही. मांजरही नाही.

कुत्रा वेगळ्या कायद्यात होता आणि तो कायदा मारण्याचा होता. मुंबईत उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवसांत रस्त्यावरचे कुत्रे मारायचा पोलिसांचा हुकूम एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होता. कारण पिसाळण्याची भीती, आणि ती भीती खोटी नव्हती. पाश्चरने माणसावर लस वापरली ती १८८५ मध्ये. तोवर पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्यावर भरवशाचा इलाज नव्हता. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस होतं. बक्षीस आलं की कुत्रा भटका आहे की कोणाचा आहे, हे पाहण्यात मारणाऱ्याला रस उरत नाही, आणि लोकांच्या दारातली कुत्रीही उचलली जाऊ लागली. ६ जून १८३२ ला, पारशांच्या पवित्र दिवशी, त्यावरून दंगल पेटली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे, अंत्यविधीतही त्याला स्थान आहे. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली, कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली, इंग्रजांच्या गाड्यांवर दगड आले, आणि शेवटी सैन्य बोलवावं लागलं. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईत पांजरापोळ काढली, त्यामागे हे सगळं आहे. भुलेश्वरजवळच्या त्या भागाला लोक आजही पांजरापोळ म्हणतात.

मात्र पांजरापोळ आणि कोंडवाडा या दोन वेगळ्या कल्पना आहेत. पांजरापोळ जनावराला मरेपर्यंत सांभाळते. ‘हे कोणाचं?’ हा प्रश्न विचारणं तिचं मुख्य काम नाही. तो प्रश्न कुत्र्यांसाठी विचारणारी जागा लंडनमध्ये उभी राहिली. मेरी टील्बी नावाच्या बाईंनी १८६० मध्ये हॉलोवे भागात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी घर उघडलं. लोकांनी त्यांना हसून घेतलं. ते घर बॅटरसीला हललं १८७१ मध्ये, म्हणजे आपल्याकडे गुरांचा कायदा झाला त्याच वर्षी. पुढे लंडनचे पोलीस रस्त्यात सापडलेली कुत्री तिथे नेऊन देऊ लागले, आणि कुत्रा हरवलेल्या माणसाला जायला एक पत्ता मिळाला.

आपल्या कायद्यात कुत्र्याला पत्ता मिळाला तो गळपट्ट्यातून. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचं ४४ वं कलम रेबीजविषयी आहे. ठरावीक मुदतीत रस्त्यावर दिसलेले भटके कुत्रे मारण्याची परवानगी त्यात आहे. मुसकं न बांधता मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यालाही मारता किंवा धरून ठेवता येतं. पण त्याला एक अपवाद जोडलेला आहे: गळपट्ट्यावर मालकाचं नाव आणि पत्ता कोरलेला असेल तर त्याला लगेच मारायचं नाही, पोस्टाने किंवा अन्य मार्गाने मालकाला ताबडतोब कळवायचं. मग तीन पूर्ण दिवस थांबायचं.

दोन्ही कायदे शेजारी ठेवून पाहिले की फरक लख्ख दिसतो. वासराच्या अंगावर काहीही लिहिलेलं नसलं तरी त्याच्यासाठी चौदा दिवस आणि दवंडी. कुत्र्याच्या अंगावर लिहिलेलं असेल तरच तीन दिवस आणि एक पत्र. लिहिलेलं नसेल तर काही नाही. वासराला लिलावात किंमत येते, गावठी कुत्र्याला येत नाही, एवढंच याचं साधं कारण. ‘चुकलेला’ आणि ‘भटका’ या शब्दांतलं अंतर इथून आलं की या शब्दांतून कायदा आला, हे मी सांगू शकत नाही, पण दोघांची चाल एक आहे.

खारी या दोन कायद्यांच्या मधोमध आहे. खाजणातली शेती, मिठागरं आणि घराघरांत गुरं असं हे गाव होतं. मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ मध्ये झाली आणि महानगरपालिका २००२ मध्ये. भाताची खाचरं इमारतींखाली गेली तशी गुरं गेली आणि त्यांच्याबरोबर दवंडीही गेली. त्यांच्या जागी तिसऱ्या मजल्यावर राहणारा पग आला, ग्रिलमध्ये बसणारी मांजर आली. ज्या प्राण्यांसाठी कधीच वही नव्हती नेमके तेच आता आमच्या घरात आहेत.

दरम्यान मोकळ्या कुत्र्यांचा कायदाही बदलला. २००१ मध्ये केंद्र सरकारने कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले आणि मारण्याऐवजी नसबंदी आणि लसीकरण हा मार्ग ठरला. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. २००१ च्या नियमांतली एक तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. पकडून आणलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात केंद्रात येताच नंबराचा पट्टा घालायचा आणि तो नंबर कोणत्या भागातून उचललं त्या नोंदीशी जुळला पाहिजे, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर त्याला तिथेच सोडता येईल. म्हणजे गावठी कुत्र्यासाठीही शेवटी वही आली. फक्त मालकाच्या रकान्यात माणसाचं नाव नाही, गल्लीचं नाव आहे. ज्याला कायद्याने दीडशे-दोनशे वर्षं बेवारशी म्हटलं, त्याचा पत्ता सरकारी कागदावर लिहिला गेला.

आता माझ्या धंद्याकडे येतो. गुरांसाठी आज कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडी नंबर. केंद्राच्या पशुधन नोंदणीत तो नंबर आणि मालक एकत्र बसतात. घरच्या कुत्र्या-मांजरांसाठी मायक्रोचिप असते: तांदळाच्या दाण्याएवढी, मानेजवळ कातडीखाली घातलेली, पंधरा आकडी नंबराची. लोकांना वाटतं की चिप म्हणजे जीपीएस, मोबाइलवर ठिपका दिसेल. तसं काही नसतं. चिपमध्ये बॅटरीच नसते. रीडर जवळ नेला की त्याच्याच लहरींवर ती जागी होते आणि आपला नंबर सांगते. नाव नाही, पत्ता नाही. तो नंबर कोणत्या तरी यादीत असला आणि ती यादी सापडवणाऱ्याला उघडता आली, तरच त्याचा उपयोग.

अमेरिकेत लिंडा लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ५३ प्राणी-निवाऱ्यांतल्या नोंदी तपासल्या. निवाऱ्यात आलेल्या एकूण मोकाट कुत्र्यांपैकी २१.९ टक्के घरी परतले होते, चिप असलेल्यांपैकी ५२.२ टक्के. मांजरांत फरक आणखी मोठा: १.८ टक्के आणि ३८.५ टक्के. पण चिप असूनही मालक न सापडण्याचं सगळ्यात मोठं कारण होतं चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर. हे वाचून मला आमच्या गेटवर आलेला एक पट्टेवाला कुत्रा आठवला. पट्ट्याला बिल्ला, बिल्ल्यावर मोबाइल नंबर, आणि तो नंबर अस्तित्वात नाही असं सांगणारा आवाज. तीन दिवस आम्ही त्याचा फोटो आजूबाजूच्या ग्रुपवर फिरवला. चौथ्या दिवशी तलावाच्या बाजूच्या एका इमारतीतून मुलगी आणि तिचे आजोबा आले. आजोबांनी हाक मारायच्या आधीच तो उठला होता. मुलीने नंबर बदलल्यावर बिल्ला बदलला नव्हता, एवढंच. चिप, बिल्ला, गळपट्टा, सगळे एकाच जागी अडतात: नोंद एकदा होते आणि माणूस मात्र घर आणि नंबर बदलत राहतो.

तो कुत्रा सापडला तो त्याच्या घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर. हेही वेगळं नाही. हरवलेल्या मांजरांविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सापडलेल्यांपैकी ७५ टक्के मांजरं जिथून गेली त्याच्या ५०० मीटरच्या आत होती. आपल्या म्हणीतला चुकला फकीर मशिदीत सापडतो, तसंच हे. त्यामुळे मांजर हरवलं तर आधी आपल्याच इमारतीचा जिना, मीटरची खोली, पार्किंगमधल्या गाड्यांच्या खालची जागा रात्री टॉर्च घेऊन पाहावी. शहरभर फोटो पाठवणं त्यानंतरचं काम. आणि सापडलेल्या जनावराचा फोटो टाकताना एखादी खूण मुद्दाम दडवून ठेवावी, पोटावरचा डाग किंवा तुटलेलं नख. जो मालक म्हणून येईल त्याने ती सांगावी. जातिवंत पिल्लाला बाजारात हजारो रुपये येतात, तेव्हा लिलावाच्या त्या कलमाची आठवण आपणही ठेवलेली बरी.

हे सगळं शेजारपाजारच्या पातळीवर जमतं. अडचण येते ती सरकारने प्राणी उचलला की. ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा आवारांतले भटके कुत्रे उचलून नसबंदी आणि लसीकरणानंतर निवाऱ्यात ठेवावेत, पुन्हा त्याच जागी सोडू नयेत. महामार्गांवरची मोकाट गुरं हटवण्याचंही त्याच आदेशात आहे. चावा घेतलेल्या मुलांची बाजू मला कळते. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि स्टेशनबाहेरच्या टोळीला घाबरून रिक्षा करणारे लोक मी रोज बघतो. पण या बदलाने वहीतला गल्लीचा रकाना खोडला जातो आणि त्या जागी दुसरं काही लिहायला हवं. फटाक्यांना घाबरून पळालेला, पट्टा तुटलेला घरचा कुत्रा भाईंदर स्टेशनच्या आवारात सापडला, तर पकडणाऱ्याच्या नजरेत तो भटकाच. निवाऱ्यात गेल्यावर तो तिथे आहे हे कोणी कोणाला सांगायचं?

आज आपण ते काम पूर्णपणे हरवणाऱ्यावर टाकलं आहे. खांबांवर कागद त्याने चिकटवायचे, ग्रुपवर त्याने टाकायचं, एकेका निवाऱ्यात फोन त्याने करायचे. रामोशाला माग शिवेपर्यंत न्यावाच लागत असे आणि कोंडवाड्याच्या रखवालदाराला दवंडी द्यायला लावावीच लागत असे. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबाने ते मायेपोटी केलं नव्हतं, पण केलं होतं. आज त्याला ढोलही लागत नाही. उचललेल्या प्रत्येक जनावराचा फोटो, उचलल्याची जागा आणि वेळ, पट्टा होता का, चिप तपासली का, आता कुठे ठेवलंय, एवढे पाच रकाने ज्याला त्याला पाहता येतील असे रोज संध्याकाळी लावायचे. पाच रकान्यांची ती यादी बनवायला आमच्या क्षेत्रातल्या कोणालाही एक आठवडा पुरे. ती रोज भरणं मात्र कोणाचं तरी काम असावं लागतं, आणि ते कोणाचं, हे कायद्यानेच लिहायला हवं. वासरासाठी ते १८७१ मध्ये लिहिलं होतं.